एलएमएस आणि अभ्याससाहित्य घडवण्याची साधने: तुलना कोणत्या क्रमाने करावी

महाविद्यालय असो, प्रशिक्षण संस्था असो वा कंपनीचा प्रशिक्षण विभाग, एलएमएस (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे ऑनलाइन शिक्षण सांभाळणारी प्रणाली) घेण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी एकच असते. तीन कंपन्यांकडून कोटेशन मागवले जाते, प्रत्येकीचा डेमो पाहिला जातो, सुविधांचा तक्ता करून बरोबरच्या खुणा मोजल्या जातात आणि ज्या रकान्यात खुणा जास्त आणि किंमत कमी, ती प्रणाली घेतली जाते. सहा महिन्यांनी शिक्षक पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवू लागतात. प्रणाली वाईट असते म्हणून असे होते, असे नाही. तुलना चुकीच्या गोष्टींची आणि उलट्या क्रमाने झालेली असते. साहित्य कोणत्या स्वरूपात आहे आणि ते कोण घडवणार, हे ठरण्याआधीच ते ठेवण्याची जागा विकत घेतली जाते. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. मधला टप्पा गाळल्यास त्याची किंमत नंतरच्या टप्प्यात मोजावी लागते.

टप्पा १: कशाची तुलना कशाशी, हे आधी ठरवा

एकाच तक्त्यात मूडल, आर्टिक्युलेट स्टोरीलाइन आणि एचफाइव्हपी ही तीन नावे शेजारीशेजारी दिसली, तर तो तक्ता तिथेच थांबवावा. ही एकाच कामाची साधने नाहीत.

एलएमएस विद्यार्थ्यांचे व्यवस्थापन करते: नोंदणी, वर्ग, प्रवेशाचे अधिकार, चाचण्या, गुण, हजेरी, अहवाल. मूडल, कॅनव्हास, ओपन एडएक्स आणि मर्यादित अर्थाने गुगल क्लासरूम या गटात येतात. ऑथरिंग टूल धडा घडवते: स्टोरीलाइन, अडोबी कॅप्टिव्हेट, आयस्प्रिंग, तसेच मुक्त स्रोत असलेली ईएक्सईलर्निंग, अ‍ॅडाप्ट आणि एचफाइव्हपी. तिसरा गट एलसीएमएसचा. त्यात साहित्याचे छोटे तुकडे एका भांडारात ठेवले जातात, अनेक लेखक त्यावर काम करतात, प्रत्येक तुकड्याच्या आवृत्त्या जपल्या जातात आणि एकच तुकडा दहा अभ्यासक्रमांत वापरून एकाच जागी दुरुस्त करता येतो.

बहुतेक संस्थांना एक एलएमएस आणि एक साधे ऑथरिंग टूल एवढेच लागते. तोच सुरक्षाविषयक धडा वेगवेगळ्या भाषांत आणि वेगवेगळ्या विभागांसाठी सतत बदलावा लागत असेल, तरच एलसीएमएसचा खर्च परवडतो. चार प्राध्यापकांच्या विभागाला एलसीएमएस विकण्याचा आग्रह कोणी धरत असेल, तर तो विक्रेत्याच्या सोयीचा आहे असे समजण्यास हरकत नाही.

> तपासणी: तुलनेच्या प्रत्येक तक्त्यात एकाच गटातील साधने आहेत ना? नसल्यास दोन तक्ते करा.

टप्पा २: हातातील साहित्याची मोजदाद

हा टप्पा कंटाळवाणा असतो, म्हणून तो टाळला जातो. एक स्प्रेडशीट उघडून प्रत्येक विषयाचे सध्याचे साहित्य नोंदवावे: फाइलचा प्रकार, आकार, मूळ संपादनयोग्य फाइल कोणाकडे आहे, हक्क कोणाचे आहेत आणि मजकूर कोणत्या फाँटमध्ये आहे.

शेवटचा रकाना मराठी साहित्यासाठी निर्णायक ठरतो. जुन्या नोट्स आणि प्रश्नसंच श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या, युनिकोड या आजच्या सार्वत्रिक अक्षरसंकेताच्या आधीच्या, फाँटमध्ये टंकलेले असतील, तर कोणत्याही एलएमएसमध्ये चिकटवल्यावर ते निरर्थक रोमन अक्षरे होऊन दिसतात. त्यांचे युनिकोड रूपांतर करणारी साधने आहेत, पण रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि अवतरणचिन्हे हाताने तपासावी लागतात. हे काम किती पानांचे आहे, ते आताच कळायला हवे, कारण प्रणाली बदलण्याच्या एकूण श्रमांत याचा वाटा अनेकदा सर्वात मोठा असतो.

जुन्या सीडींवरील किंवा दहा वर्षांपूर्वी बाहेरून करून घेतलेले धडे फ्लॅश या जुन्या तंत्रज्ञानात असतील, तर ते हिशेबातून वगळावेत. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार थांबवला. असे धडे नव्याने घडवावे लागतील.

> इशारा: बाहेरच्या कंपनीकडून धडे करून घेतले असतील, तर केवळ प्रकाशित पॅकेज (चालवता येणारी, पण बदलता न येणारी तयार फाइल) संस्थेकडे असणे पुरेसे नाही. स्टोरीलाइनची मूळ प्रकल्प-फाइल हाती नसेल, तर एक शब्द दुरुस्त करण्यासाठीही त्याच कंपनीकडे जावे लागते.

टप्पा ३: बाद करणाऱ्या अटी लिहा

सुविधांची लांबलचक यादी करण्याऐवजी, जी पूर्ण न झाल्यास प्रणाली थेट बाद होईल, अशा पाच-सहाच अटी लिहाव्यात. उदाहरणार्थ: साध्या अँड्रॉइड फोनवर आणि तुटक इंटरनेटवर धडा पूर्ण करता यावा, एकाच वेळी परीक्षेला बसणाऱ्या मोठ्यात मोठ्या तुकडीचा भार पेलावा, प्रश्नपेढी मराठीत चालावी, विद्यार्थ्यांची माहिती भारतातील सर्व्हरवर ठेवता यावी, सर्व साहित्य आणि गुण बाहेर काढता यावेत.

भार मोजताना एकूण विद्यार्थीसंख्या उपयोगाची नसते. तीन हजार विद्यार्थी आठवडाभर जाऊन-येऊन धडे पाहतात, तेव्हा सर्व्हरवर पडणारा ताण आणि तीनशे विद्यार्थी सकाळी अकराच्या ठोक्याला एकत्र चाचणी उघडतात तेव्हाचा ताण, यांत दुसराच अधिक जड असतो. मूडलच्या संदर्भात दर १ जीबी रॅममागे साधारण १० ते २० एकाच वेळचे वापरकर्ते असा ढोबळ अंदाज वापरला जातो. तो सुरुवातीच्या आकडेमोडीपुरताच धरावा.

अकरावी-बारावीचे विद्यार्थी असतील, तर आणखी एक अट आपोआप येते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. ती संमती कोण घेणार आणि कुठे नोंदवणार, हे विक्रेत्याला लेखी विचारावे.

अटींनंतरच्या ऐच्छिक सुविधांना गुणभार द्यायचा असल्यास तो डेमोच्या आधी ठरवून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. डेमोनंतर ठरवलेला गुणभार ज्याला जे आवडले त्याच्या बाजूने झुकतो.

टप्पा ४: ऑथरिंग टूल आधी, एलएमएस नंतर

धडा कोणत्या मानकात बाहेर पडणार, यावरून एलएमएसला काय वाचता आले पाहिजे हे ठरते. म्हणून क्रम असा.

स्कॉर्म १.२ हे धडा आणि एलएमएस यांच्यातील देवाणघेवाणीचे २००१ सालचे मानक जुने असले, तरी जवळपास प्रत्येक एलएमएस ते वाचते. त्याच्या दोन मर्यादा ठाऊक असाव्यात. पहिली, धडा पूर्ण झाला की नाही आणि विद्यार्थी उत्तीर्ण झाला की नाही, या दोन्हींसाठी त्यात एकच स्थितीदर्शक रकाना आहे. स्कॉर्म २००४ मध्ये ते दोन वेगळे केले गेले. दुसरी, विद्यार्थी कुठे थांबला हे साठवण्यासाठी त्यात केवळ ४,०९६ अक्षरांची जागा असते. खूप लांब, शाखा-उपशाखा असलेला धडा केला की ती जागा संपते आणि विद्यार्थी परतल्यावर धडा भलत्याच ठिकाणाहून सुरू होतो. उपाय सोपा आहे: एका तासाचा धडा चार पॅकेजांत तोडावा. स्कॉर्म २००४ निवडण्याआधी मात्र एलएमएस ते खरोखर चालवते का, हे पाहावे. मूडलच्या मूळ स्कॉर्म मॉड्यूलमध्ये १.२ चा आधार आहे, २००४ चा नाही. एक्सएपीआय आणि सीएमआयफाइव्ह ही नंतरची मानके अधिक तपशील नोंदवतात, पण ते अहवाल वाचणारा माणूस संस्थेत नसेल तर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

साधनांची निवड लेखकांकडे पाहून करावी. स्टोरीलाइन विंडोज संगणकावर चालते, शिकायला वेळ लागतो आणि परवाना दर लेखकामागे वार्षिक असतो. गुंतागुंतीच्या प्रसंगाधारित धड्यांसाठी ते समर्थ आहे. त्याच कंपनीचे राइज ब्राउझरमध्ये चालते आणि सोपे आहे, परंतु त्याची मूळ फाइल आपल्या संगणकावर उतरवून ठेवता येत नाही, त्यामुळे वर्गणी थांबली की संपादनही थांबते. कॅप्टिव्हेटच्या बाबतीत २०२३ साली आलेली नवी आवृत्ती जुन्या क्लासिक प्रकल्प-फाइली उघडत नाही; जुने प्रकल्प हाती असलेल्या संस्थेने हे लक्षात घ्यावे. ज्या शिक्षकांना आठवड्याला एखादाच धडा स्वतः करायचा आहे, त्यांच्यासाठी एचफाइव्हपी किंवा ईएक्सईलर्निंग पुरते. एचफाइव्हपी मूडलमध्ये अंगभूत आहे, व्हिडिओत मध्येच प्रश्न घालणे त्यात काही मिनिटांत जमते, आणि फाइल कधीही उतरवून पुन्हा संपादित करता येते. माझे मत विचाराल तर, प्रशिक्षित लेखक हाताशी नसलेल्या मराठी महाविद्यालयाने इथूनच सुरुवात करावी आणि महागडा परवाना वर्षभर तरी पुढे ढकलावा.

> इशारा: स्कॉर्म पॅकेज हाताने झिप करताना संपूर्ण फोल्डर झिप करू नये. पॅकेजची मॅनिफेस्ट फाइल (imsmanifest.xml) झिपच्या अगदी वरच्या पातळीवर हवी. ती आतल्या फोल्डरमध्ये गेली की एलएमएस पॅकेज नाकारते. फाइलींची नावे रोमन छोट्या अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावीत. विंडोजवर चालणारे नाव लिनक्स सर्व्हरवर केवळ लहान-मोठ्या अक्षराच्या फरकामुळे अडते.

टप्पा ५: परीक्षेचा धडा तयार करा

विक्रेत्याचा डेमो त्याच्या धड्यावर चालतो आणि तो धडा नेहमीच सुरळीत चालतो. आपला धडा आपण न्यावा. त्यात पुढील गोष्टी असाव्यात: दहा मिनिटांचा व्हिडिओ आणि मराठी उपशीर्षके, जोडाक्षरांनी भरलेला एक पानभर मजकूर, एखादे गणिती सूत्र, वीस प्रश्नांची चाचणी (बहुपर्यायी, लघुत्तरी आणि संख्यात्मक असे तिन्ही प्रकार), एक फाइल जमा करण्याचा स्वाध्याय आणि आपल्या साधनातून काढलेले एक स्कॉर्म पॅकेज. हाच धडा, काहीही न बदलता, प्रत्येक प्रणालीत चढवायचा.

पॅकेज बिघडले तर दोष पॅकेजचा की एलएमएसचा, यावरून वाद होतो. तो टाळण्यासाठी पॅकेज आधी स्कॉर्म क्लाउडवर चालवून पाहावे. तिथे चालले आणि एलएमएसमध्ये अडले, तर प्रश्न एलएमएसचा.

टप्पा ६: तीनपेक्षा जास्त उमेदवार नकोत

पुढील चार नावांतून जास्तीत जास्त तीनच कसोटीला घ्यावीत. मूडल स्वतःच्या सर्व्हरवर विनामूल्य बसवता येते, पण सांभाळणारा माणूस विनामूल्य मिळत नाही. दर वर्षी त्याच्या दोन मुख्य आवृत्त्या येतात. दीर्घकालीन आधाराची ४.५ आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. अतिरिक्त प्लगइन (वरून जोडलेले भाग) जितके जास्त, तितके अद्ययावतीकरण अवघड, कारण प्रत्येक प्लगइन नव्या आवृत्तीसाठी वेळेत तयार होईलच असे नसते. दहा-बारा प्लगइन घालून मिळालेला डेमो पाहताना त्यातले किती मूळ मूडलचे आहेत, हे विचारावे.

गुगल क्लासरूम शिक्षकांना अर्ध्या तासात जमते. वर्गातील कामाचे वाटप आणि स्वाध्याय यांपुरते ते उत्तम आहे; मात्र स्कॉर्म पॅकेज चालवण्याची अंगभूत सोय त्यात नाही आणि मोठी प्रश्नपेढी सांभाळण्यासाठी ते बनलेले नाही. ओपन एडएक्स हजारोंच्या खुल्या अभ्यासक्रमांसाठी घडले आहे. त्यात साहित्य रचण्याचा स्टुडिओ आणि विद्यार्थ्यांचा एलएमएस हे वेगळे भाग आहेत, ट्युटर नावाच्या साधनाने ते बसवता येते, पण स्कॉर्मसाठी वेगळी जोड लागते आणि सर्व्हर सांभाळायला अनुभवी तंत्रज्ञ हवा. कॅनव्हासची मांडणी नेटकी आहे. त्याचा स्रोत खुला असला, तरी स्वतः बसवणे जिकिरीचे असल्याने व्यवहारात ती वार्षिक सेवा म्हणूनच घेतली जाते.

टप्पा ७: मराठीची कसोटी

पडद्यावर मराठी दिसली म्हणजे प्रणाली मराठीत चालते, असे नाही. पुढील पाच ठिकाणी ती हमखास अडखळते.

नावांची यादी चढवणे. एक्सेलमधून साधी सीएसव्ही फाइल जतन केली, तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. जतन करताना यूटीएफ-८ असलेला सीएसव्हीचा पर्याय निवडावा.

प्रश्न एकगठ्ठा भरणे. मूडलच्या आयकेन या साध्या मजकूर-फाइलीच्या स्वरूपात प्रश्न मराठीत लिहिता येतात, पण पर्यायांची अक्षरे आणि उत्तराची ओळ रोमन मोठ्या अक्षरांतच लागते. पर्यायांना अ, ब, क, ड अशी अक्षरे दिली की फाइल स्वीकारली जात नाही.

लघुत्तरी प्रश्न. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा र वेगवेगळ्या कीबोर्डवर दोन प्रकारे टंकला जातो: एकदा नुक्त्याच्या ऱ ने, एकदा साध्या र ला हलन्त देऊन आणि न दिसणारा जोडक वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि बरोबर उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शून्य मिळते. अशा शब्दांची दोन्ही रूपे उत्तरसूचीत द्यावीत किंवा तो प्रश्न बहुपर्यायी करावा.

अंक. संख्यात्मक प्रश्नात ‘२५’ असे देवनागरीत उत्तर लिहून पाहावे. ते नाकारले गेले, तर इंग्रजी अंक (25 असे) वापरण्याची सूचना प्रश्नातच द्यावी लागेल.

प्रमाणपत्र. ही चाचणी बहुतेक जण विसरतात आणि समारोपाच्या दिवशी पस्तावतात. मूडल पीडीएफ तयार करण्यासाठी टीसीपीडीएफ ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरते आणि तिला देवनागरीची मांडणी नीट जमत नाही: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरे सुटी पडतात. ‘श्रद्धा’, ‘क्षितिज’, ‘कीर्ती’, ‘सिद्धार्थ’ या नावांची नमुना प्रमाणपत्रे काढून छापून पाहावीत. प्रमाणपत्रावरचा न बदलणारा मजकूर पार्श्वभूमीच्या चित्रात घालता येतो; बदलणाऱ्या नावासाठी मात्र जोडाक्षरे नीट मांडणारी वेगळी पीडीएफ यंत्रणा हवी, नाहीतर नाव रोमन लिपीत छापण्याचा निर्णय आधीच घ्यावा.

> तपासणी: या पाचही चाचण्यांचे निकाल पडद्याच्या चित्रांसह जतन केले आहेत ना? विक्रेत्याचे ‘करून देऊ’ हे उत्तर ‘नाही’ म्हणूनच नोंदवावे. करून दाखवल्यावर ते बदलता येईल.

टप्पा ८: आत, दुरुस्ती, बाहेर

परीक्षेचा धडा प्रत्येक उमेदवार-प्रणालीत पुढील क्रमाने चालवावा.

१. शिक्षकाने, तंत्रज्ञाची मदत न घेता, धडा चढवावा. व्हिडिओ चढत नसेल तर मूडलच्या बाबतीत पीएचपीमधील (ज्या संगणक भाषेवर मूडल चालते तिच्यातील) फाइल आकाराच्या दोन मर्यादा, म्हणजे एका फाइलची आणि एकूण पाठवणीची, दोन्ही वाढवलेल्या आहेत का ते पाहावे. एकच वाढवून भागत नाही.

२. पाच-सहा जणांनी स्वतःच्या फोनवरून धडा सुरू करून मध्येच सोडावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावा.

३. काही जण अर्ध्यावर असतानाच शिक्षकाने पॅकेजमधील एक चूक सुधारून ते बदलावे. त्यांचे गुण आणि थांबलेली जागा टिकते का, हे पाहण्याची ही एकमेव वेळ. प्रत्यक्ष सत्रात चुका सापडतातच आणि तेव्हा प्रयोग करता येत नाही.

४. अहवाल काढून वर्गशिक्षकाला लागतो त्या तक्त्यात तो बसतो का, हे पाहावे.

५. संपूर्ण अभ्यासक्रम बाहेर काढून दुसऱ्या प्रणालीत उघडून पाहावा. मूडलचा एमबीझेड बॅकअप पूर्णपणे उघडण्याची खात्री मूडलमध्येच असते, आणि तिथेही तो जुन्यातून नव्यात जातो, उलट नाही. म्हणून प्रश्नपेढी एक्सएमएल किंवा गिफ्ट स्वरूपात वेगळी काढावी. कॅनव्हासमधून कॉमन कार्ट्रिज (प्रणालींमधील देवाणघेवाणीचे सामाईक स्वरूप) मिळते, त्यातही सर्व तपशील दुसरीकडे जसेच्या तसे उमटत नाहीत. काय गळाले, याची यादी करावी.

पाचवी पायरी तक्त्यातील सर्वात जड रकाना समजावी. साहित्य आत घेणे प्रत्येकाला जमते, कारण त्यात विक्रेत्याचा फायदा असतो.

टप्पा ९: खर्च तीन वर्षांचा धरा

परवाना, सर्व्हर, बॅकअपची जागा, तंत्रज्ञाचे वेतन, शिक्षकांचे प्रशिक्षण, जुन्या मजकुराचे युनिकोड रूपांतर आणि १८ टक्के जीएसटी या सर्वांची तीन वर्षांची बेरीज करावी. ‘दर वापरकर्त्यामागे’ असे लिहिले असेल, तर तो नोंदणीकृत की सक्रिय, हे विचारावे. उत्तीर्ण होऊन गेलेल्या विद्यार्थ्यांचेही पैसे भरावे लागत असतील तर गणितच बदलते. डॉलरमधील वर्गणी असल्यास दरवाढीची मर्यादा करारात हवी.

टप्पा १०: एका विषयावर चालवून मगच करार

एक विषय, एक तुकडी आणि एक पूर्ण अंतर्गत चाचणी, एवढ्यावर प्रणाली चालवावी. उत्साही शिक्षकाऐवजी साशंक शिक्षकाची निवड करावी; त्याच्या तक्रारी कामाच्या असतात. मूडल असेल तर क्रॉन हे पार्श्वभूमीचे काम दर मिनिटाला चालते आहे का ते पाहावे, कारण ते बंद पडले की सूचना, पूर्णतेच्या नोंदी आणि बॅकअप सगळे चुपचाप थांबते आणि दोष शिक्षकांच्या माथी येतो.

करारात चार गोष्टी लेखी घ्याव्यात: साहित्याचा आणि मूळ प्रकल्प-फाइलींचा मालक कोण, करार संपल्यावर माहिती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळेल, त्यानंतर विक्रेत्याकडील प्रती कधी नष्ट होतील, बॅकअप किती वेळाने घेतला जाईल. सही करण्याआधी विक्रेत्याकडून आदल्या रात्रीचा बॅकअप मागवून तो संस्थेच्या स्वतःच्या वेगळ्या संगणकावर, आपल्याच तंत्रज्ञाकडून उभा करून घ्यावा, आणि त्यात त्या तुकडीचे गुण दिसल्याखेरीज पहिला हप्ता देऊ नये.